कात्री कुणाची होती

मला एका जागी बसता येत नाही. हे म्हातारपणी लागलेलं खूळ नाही, आधीपासूनचंच आहे. लेक म्हणते, "आई, दोन मिनिटं बूड टेक." बूड टेकलं की मला वाटतं, कुठंतरी काहीतरी करायचं राहिलंय. मग मी उठते आणि करायला नको ते करून बसते. मागच्या जूनमध्ये असंच झालं. त्यात लेकीची नाशपातीची बाग जाता जाता राहिली. राहिली असं आज म्हणते. उद्याचं माहीत नाही.

लेकीची बाग इकडं परदेशात, ट्रॉय शहरापासून तासाभराच्या वाटेवर आहे. आधी ती गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर होती. पंधरा वर्षं तिथं काढली आणि एक दिवस सांगितलं, बाग घेते. जावई नागपूरकडचे, कॉम्प्युटरवाले. त्यांची नोकरी अजून ट्रॉयमध्ये आहे. ते म्हणाले, "घे ना मग, काहून थांबतेस." एवढं बोलून पुन्हा स्क्रीनमध्ये गेले. माणूस चांगला आहे, फक्त सफरचंदाचं झाड कुठलं आणि नाशपातीचं कुठलं हे त्यांना फळ लागल्याशिवाय कळत नाही.

माझा नवरा गेल्यावर लेकीनं मला इकडं आणलं. लेकीच्या घरी राहायचं म्हणून सुरुवातीला कमीपणा वाटला. मग बाग बघितली आणि ते विसरले. मी चौथी शिकलेली बाई. सांगोल्याकडं डाळिंबाच्या बागा छाटण्यात माझा जन्म गेला. लोकांच्या बागा, आमची नव्हती. आमची वस्ती गावाबाहेर, आणि वस्तीवरच्या आम्ही आठ-दहा बायका टोळीनं छाटणीला जायचो. अक्षर ओळखते, हिशेब येतो, आणि झाड बघितलं की कुठं कापायचं ते कळतं. त्यापुढचं शिक्षण नाही.

इथं बागायतदारांचे वर्ग भरतात. हिवाळ्यात हॉलमध्ये, उन्हाळ्यात बागेत. हिवाळ्यात लेक मला सोबत नेते, कारण मला घरी एकटं ठेवलं की मी बर्फात बाहेर पडते. हॉलमध्ये सगळे टोपीवाले पुरुष, मोठमोठे हात, पुढ्यात कॉफी आणि साखर लावलेले गोल वडे. आत जाताना सही करायची, निघताना पुन्हा सही. दोन्ही सह्या असल्या तरच फवारणीच्या परवान्याचे गुण मिळतात, म्हणून मधून कोणी पळत नाही. आमच्याकडं मीटिंगला माणसं जेवणासाठी थांबत, इथं सहीसाठी थांबतात.

त्या हिवाळ्यात बोलायला एक सल्लागार बाई होती. उंच, केस पांढरे, पायात चिखलाचे बूट. बागायतदारांना सल्ला देणं हीच तिची नोकरी. तिनं पडद्यावर नाशपातीची एक फांदी दाखवली. पानं काळी, पण गळलेली नाहीत, आणि शेंडा छत्रीच्या मुठीसारखा खाली वळलेला. मी खुर्चीतच ताठ झाले.

"हे काय गं?" मी लेकीला विचारलं.

"फायर ब्लाइट. झाड जळल्यासारखं दिसतं ना, म्हणून. जिवाणूचा रोग आहे. नाशपातीला फार होतो. खोडात उतरला की झाड गेलं."

"म्हणजे आपल्या डाळिंबावर पडतो तो तेल्या, तसा हा इथला."

"तसंच समज. तेल्याचा चुलतभाऊ."

पुढच्या चित्रात एक कात्री होती आणि शेजारी बाटली. लेक माझ्या कानाशी बोलली, "रोगट फांदी दिसली तर दव पडलेलं असताना कापायची नाही, कोरड्या दिवशी कापायची. जळालेल्या भागाच्या खाली हातभर जाऊन कापायची. आणि प्रत्येक वेळी कात्री स्पिरिटमध्ये बुडवायची. नाहीतर कात्रीबरोबर रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो."

मी म्हटलं, "ह्यांचंही तेच."

"कोणाचं काय?"

"काही नाही. ऐक तू."

काय ते आता सांगते. लेक तेव्हा लहान होती, तिला आठवत नाही. सांगोल्याकडच्या एका मोठ्या बागेत आम्ही छाटणी केली. पावसाळ्यानंतर तिथं तेल्या आला. फळावर तेलकट डाग, मग डागाला चीर, मग फळ कुजलेलं. मालकानं आम्हाला बांधावर उभं केलं आणि गावच्या चार माणसांसमोर सांगितलं, "ह्या बायकांच्या कात्र्यांनी तेल्या आणला." मी उलट बोलले. म्हटलं, "पाऊस आमच्या कात्रीनं पाडला काय?" लोक हसले, पण त्यानं काय होतंय. दोन हंगाम आजूबाजूच्या तीन गावांत आम्हाला कोणी छाटणीला बोलावलं नाही. मी विटांच्या भट्टीवर गेले. एकीनं गाव सोडलं. आमच्या डोक्यात पक्कं बसलं, की बागेत काही बिघडलं की बोट आमच्या हाताकडंच येणार. कात्री बुडवा म्हणणारा माणूस मला तेव्हापासून आवडत नाही.

म्हणून त्या हॉलमध्ये मी बाटलीचं चित्र बघितलं आणि मनातून पुसून टाकलं.

लेकीच्या बागेत सफरचंदाची झाडं जुन्या मालकानं लावलेली. नाशपाती मात्र तिची स्वतःची. तीन लांब ओळी, तारांवर चढवलेली बारीक झाडं. तिनं खड्डे घेतले, मी रोपं धरली. सगळ्यांनी तिला सांगितलं होतं, इथल्या हवेत नाशपाती लावू नकोस, जळते. शेजारचा म्हातारा बागायतदार तर गाडी थांबवून म्हणाला होता, की मी तीनदा लावली आणि तीनदा उपटली. तिनं ऐकलं नाही. त्या उन्हाळ्यात झाडांना तिसरं वर्ष होतं, पहिल्यांदा फळ धरलं होतं. मेअखेर ती सल्लागार बाई येऊन ओळीओळीनं हिंडून गेली. एकही जळका शेंडा सापडला नाही. ती लेकीला म्हणाली, जूनची शेतभेट तुझ्याकडंच ठेवू, लोकांना स्वच्छ नाशपाती दाखवू.

लेकीला झालेला आनंद मला आवडला नाही. आनंद झाला की माणूस झोपत नाही. ती यादी करत बसायची. साठ माणसं येणार. गवत कापायचं, गाड्या कुठं लावायच्या, प्लास्टिकचे निळे संडास मागवायचे, जेवण सांगायचं. जावई म्हणाले, "टेन्शन नको घेऊ यार, पाऊस आला तर कॅन्सल करू." तिनं असं बघितलं की ते उठून गेले.

शेतभेटीच्या आधी आठवडाभर पाऊस आणि ऊन आलटून पालटून होतं. ही हवा मला माहीत आहे. तेल्याला हीच हवा लागते. माझे पाय घरात ठरेनात.

दोन दिवस उरले असताना मी सकाळी नाशपातीत गेले. साडी खोचलेली, वरून जावयांचं जुनं जॅकेट, पायात रबरी बूट. गवत ओलं, पानांवरून थेंब ओघळत होते. मधल्या ओळीत पहिला शेंडा दिसला. काळा, मुठीसारखा वळलेला. हात लावला तर मधासारखा चिकट थेंब बोटाला लागला. पुढं दुसरा. मग तीन झाडं सोडून तिसरा.

त्याच वेळी घरात जाऊन लेकीला उठवायला हवं होतं. ते मला कळत होतं. पण ती पहाटे कधीतरी झोपली होती, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, की पाहुणे येणार आहेत. पाहुणे यायच्या आधी अंगण झाडतात. साठ माणसं येऊन हे बघणार आणि तो शेजारचा म्हातारा म्हणणार, बघ, मी सांगितलं नव्हतं?

मी खोपटातून कात्री घेतली. शेजारी फळीवर स्पिरिटची बाटली होती, लेकीनं मुद्दाम ठेवलेली. मी ती बघितली आणि तिथंच राहू दिली. विसरले नाही. जाणूनबुजून ठेवली. हे इथं स्पष्ट सांगते, कारण पुढं लोकांनी मला दयेनं म्हातारी विसरली असं म्हणून सोडवायचा प्रयत्न केला.

एकेक शेंडा सापडत गेला तशी एकोणीस झाडं कापली. हातभर खालीही गेले नाही. एवढं कापलं असतं तर बोडकी झाडं दिसली असती. वीतभरही नाही, शेंडे तेवढे खुडल्यासारखे घेतले. कापलेलं सगळं ओच्यात घातलं, ओचा घेऊनच ओळी फिरले, आणि काळ्या पिशवीत बांधून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. आत आले, हात धुतले, चहा ठेवला. लेक डोळे चोळत आली. "इतक्या लवकर कुठं गेली होतीस?"

"पाय मोकळे करायला."

"नाशपाती बघितलीस?"

"बघितली. छान आहे."

शेतभेटीच्या दिवशी ऊन स्वच्छ पडलं. कुरणात पिकअप गाड्यांची रांग लागली. टेबलावर सहीचा कागद, कॉफीचा पिंप. मी मोठं पातेलं भरून चिवडा केला होता, कारण साठ माणसं दारात येणार आणि बिस्किटं खाऊन जाणार हे मला पटत नव्हतं. तो टोपीवाल्या माणसांनी मुठीमुठीनं खाल्ला. एकानं शेंगदाणे तेवढे वेचून घेतले.

आधी ट्रॅक्टरच्या गाडीत गवताच्या भाऱ्यांवर बसवून लोकांना सफरचंदात नेलं. तिथं झाडांना पिवळे कागद टाचले होते. फवारणी यंत्रातून नुसतं पाणी मारलं, की जिथं थेंब पडला तिथं कागद निळा होतो. झाडाच्या पोटातले कागद पिवळेच राहिले. म्हणजे औषध आत जातच नव्हतं. सगळे हळहळले. मला तो प्रकार आवडला. दुसरा कोणता दिवस असता तर मी एक कागद मागून घेतला असता. त्या दिवशी मात्र माझं लक्ष नाशपातीच्या ओळींकडंच होतं. मी दोनदा तिकडं जाऊन आले. जावई म्हणाले, "आई, तुम्ही बसा ना जरा. येरझारा घालून राहिल्या सकाळपासून."

"तुम्ही बसा. तुम्हाला सवय आहे."

मग सगळे नाशपातीत आले. सल्लागार बाईनं पाच मिनिटं सांगितलं. तिच्या तोंडून "क्लीन" हा शब्द तीन-चारदा आला. तेवढं इंग्रजी मला येतं. लेक तिच्याशेजारी उभी होती. तिनं कारखान्यात असतानाचा चांगला शर्ट घातला होता. नंतर बाई काहीतरी बोलली आणि लोक हसत हसत ओळींमध्ये शिरायला लागले. प्रत्येकाचा हात कमरेला गेला. कमरेला चामडी खिसे, खिशांत ज्याची त्याची कात्री.

मी लेकीजवळ गेले. "कात्र्या कशाला काढतायत?"

"डेमो आहे आई. एकेकानं एकेक झाड घ्यायचं, कुठले शेंडे ठेवायचे ते निवडायचं, बाकीचे कापायचे आणि ठेवलेले तारेला बांधायचे. करून बघितल्याशिवाय कळत नाही म्हणून."

"आपल्या आपल्या कात्रीनं?"

"मग? साठ कात्र्या मी कुठून आणू?"

"आणि संध्याकाळी त्याच कात्र्या घेऊन आपापल्या बागेत जाणार."

"हो. आई, मला आता बोलायला वेळ नाही."

ती वळली. मी तिथंच उभी राहिले. खरं सांगते, मी गप्प बसायचाही विचार केला. कापलेलं कोणाला दिसलं नव्हतं. दोन आठवड्यांनी रोग वर आला असता तर सगळे म्हणाले असते, पावसानं आला. माझं नाव कुठंच आलं नसतं. माझ्या आयुष्यात असं एकदाच झालं असतं, की बाग जळली आणि माझ्याकडं बोट आलं नाही.

तेवढ्यात शेजारचा म्हातारा मधल्या ओळीत चौथ्या झाडापाशी थांबला. ते मी कापलेलं झाड. ह्या माणसानं आदल्या उन्हाळ्यात मला स्वतः आणून मक्याची कणसं दिली होती. त्याच्याकडं तीन पिढ्यांची सफरचंदं आहेत आणि सफरचंदालाही हा रोग होतो. त्यानं फांदी हातात घेतली, कात्री उघडली.

मी जाऊन त्याचं मनगट धरलं.

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारीला झाडाची माया. तो काहीतरी बोलला, आजूबाजूचेही हसले. मी सोडलं नाही. मोठ्यानं ओरडले, "थांबा! सगळ्यांनी कात्र्या खाली करा!" मराठीत ओरडले, पण सगळे थांबले. ओरडणं कळायला भाषा लागत नाही.

लेक धावत आली. "आई! काय करतेस? सोड त्यांना."

"ही बाग स्वच्छ नाही. परवा जळके शेंडे आले होते. मी कापले."

तिचा चेहरा लगेच बदलला नाही. आधी तिला ऐकूच गेलं नाही बहुतेक. मग म्हणाली, "किती?"

"एकोणीस झाडं."

"एकोणीस. परवा सकाळी. दवात."

"हो."

"कात्री बुडवलीस?"

"नाही."

"विसरलीस."

"नाही. बाटली समोर होती. नाही बुडवली."

साठ माणसं आमच्या तोंडाकडं बघत होती. सल्लागार बाईनं लेकीच्या दंडाला हात लावून विचारलं, काय झालं. जावई मागून हळूच म्हणाले, "मी सांगू का त्यांना? म्हणतो म्हाताऱ्या आहेत, गडबड झाली."

"गडबड झाली नाही," मी म्हटलं. "मी म्हणाले तसंच सांगा."

लेकीनं सांगितलं. स्वतःच सांगितलं, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात. पहिल्यांदाच तिनं लोकांना बोलावलं होतं. मला तिच्याकडं बघवेना म्हणून मी सल्लागार बाईकडं बघत राहिले.

त्या बाईनं कपाळाला हात लावला नाही की काही नाही. दोन प्रश्न विचारले. पान ओलं होतं का, आणि कुठली झाडं ते आठवतं का.

लेकीनं विचारलं, "आई, आठवतील?"

"मी छाटलेलं झाड मला आठवणार नाही? चला."

गुलाबी फितीचं एक रीळ आणलं. मी पुढं, बाई मागं, तिच्यामागं साठ माणसं. हे झाड, हे नाही, हे, इथली दोन सोडून ते. मी बोट दाखवायचे, लेक फीत बांधायची. फीत बांधताना ती माझ्याकडं बघत नव्हती. प्रत्येक ठिकाणी बाई माझा काप लोकांना दाखवायची आणि सांगायची, हा उंच घेतलाय, रोग ह्याच्या खाली पोचलेला असणार. मग तिनं तशी तीन झाडं हातभर खालून कापून दाखवली, प्रत्येक कापानंतर कात्रीवर स्पिरिट मारून. ठरलेला डेमो राहिला बाजूला. माझ्या चुकीचाच वर्ग भरला.

शेवटी बादली ठेवली आणि ज्यांनी कात्री बाहेर काढली होती त्या सगळ्यांना ती बुडवायला लावली, कापलेलं असो नसो. शेजाऱ्यानं आपली कात्री बुडवली, वर काढली आणि मला दोन्ही बाजूंनी फिरवून दाखवली. मी मान हलवली. पाठीमागून कोणीतरी बोललं आणि हशा झाला. लेकीनं तोंड न वळवता सांगितलं, "विचारतायत, आजीबाई आमच्या बागेत पण येऊन कबुली देतील का. त्यांच्याकडं कोणीच कबूल करत नाही."

जावई म्हणाले, "आई, आज मेन स्पीकर तुम्हीच झाल्या ना यार."

मी म्हटलं, "चिवडा उरलाय, वाटा."

पाहुणे गेले. खुर्च्या घडी करताना लेक बोलली. "मला का नाही सांगितलंस?"

"तू झोपत नव्हतीस."

"म्हणून लपवलंस?"

"पाहुणे येणार होते."

"आई, ते पाहुणे झाडांचे डॉक्टर आहेत! डॉक्टर घरी येणार म्हणून आजारी माणसाला कपाटात लपवतात का?" मग खुर्ची आपटली. "आणि बाटली? ती का नाही घेतलीस?"

मी तिला बांधावरची गोष्ट सांगितली. कधी सांगितली नव्हती. ती ऐकून घेत होती. माझी दया येईल, असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे त्या माणसाचा राग तू माझ्या झाडांवर काढलास." आणि खुर्च्या घेऊन निघून गेली. चार दिवस कामापुरतंच बोलली.

त्या चार दिवसांत मला घर खायला उठलं. झाडांपाशी जायची सोय नव्हती, तिनं मनाई केली होती. मी भांडी घासलेली पुन्हा घासली. एका सकाळी गावाकडं फोन लावला, तिकडं संध्याकाळ होती. टोळीतल्या आमच्यापैकी आता दोघीच उरलोय. मी आणि माझी ही मैत्रीण. तिला सगळं सांगितलं. म्हटलं, "अगं, खरंच कात्रीनं जातो म्हणे. इथं शिकलेली बाई सांगते. तो मालक खोटं बोलत नव्हता."

ती दोन क्षण खोकली. म्हणाली, "बये, कात्री कुणाची होती?"

"कुणाची म्हणजे?"

"आपल्या होत्या का कात्र्या? सकाळी त्याच्या गड्यानं वाटायच्या, संध्याकाळी मोजून घ्यायच्या. दुपारी त्यानंच आपल्याला जीपमध्ये घालून मेव्हण्याच्या बागेत नेलं होतं. मेव्हण्याकडं तेल्या आधीच होता. तिथनं परत ह्याच्या बागेत. त्याच कात्र्या. बाटली दिली होती का कुणी बुडवायला?"

मला ते आठवत होतं. जीप आठवत होती, मेव्हण्याच्या बागेतली काळी फळं आठवत होती. पण मी इतकी वर्षं एकाच गोष्टीवर अडून बसले होते, की कात्रीनं काही होतच नाही. कात्रीनं होतं. हात आमचे होते. कात्री, जीप आणि हुकूम त्याचा होता. एवढं साधं उत्तर त्या दिवशी बांधावर मला सुचलं नाही, आणि इथं बाटली समोर असताना मी भलत्याच माणसाशी भांडत बसले.

हे मी लेकीला सांगितलं नाही. सांगून तिच्या झाडांचं काय होणार होतं?

दोन आठवड्यांनी रोग वर आला. फिती बांधलेल्या एकोणिसांपैकी अकरा झाडांवर. लेक रोज बघत होती म्हणून लगेच सापडला. कोरड्या दिवशी तिनं हातभर खालून कापलं, बाटली कमरेला बांधून. सहा झाडं वाचली. पाच खोडापर्यंत गेली होती, ती उपटली. शेजाऱ्याच्या बागेत काही आलं नाही. आलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, तो सांगणारा माणूस आहे. उपटलेल्या झाडांच्या जागा ओळीत दात पडल्यासारख्या दिसतात. लेक म्हणाली, पुढच्या वसंतात तिथं पुन्हा नाशपातीच लावणार. हट्ट तिला कुणाकडून आलाय ते सांगायला नको.

मग जुलैमध्ये तिनं मला हाक मारली. तिसऱ्या ओळीच्या टोकाला एक झाड, फीत नसलेलं. शेंडा काळा, आणि काळं खाली खोडाकडं निघालेलं.

"हे तू सांगितलं नव्हतंस."

"हे मी कापलं नव्हतं."

"आई."

"नाही कापलं. मी एकोणीस म्हटलं, एकोणीसच दाखवली."

ती वाकून फांद्या बघत होती. वर एक जुना काप होता. शेंड्याजवळ, उंच, वीतभरही खाली न गेलेला. तिचाही असू शकेल, वसंतात तिनं काही शेंडे घेतले होते. माझाही असू शकेल. मी जवळ जाऊन बघितला, बोट फिरवलं. काप बघून मी बाई ओळखते, आमच्या टोळीतल्या सगळ्याजणींचे काप मी ओळखायचे. माझा काप जरा तिरका येतो. हा तिरका होता. पण लेकीला कापायला मीच शिकवलंय.

तिनं सल्लागार बाईला फोन केला. ती म्हणाली, माशा, वारा, पाऊस, कशानंही गेला असेल. लेकीनं मला ते जसंच्या तसं सांगितलं. मग फोन खिशात टाकला आणि म्हणाली, "मी भांडत नाहीये. कापलं असलंस तर सांग, म्हणजे मला शेजारची झाडं पण बघायला हवीत. बस, एवढंच."

बांधावरच्या त्या दिवशी मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, नाही. लेकीसमोर मी खूप वेळ त्या कापाकडं बघत राहिले. ओलं गवत आठवलं, ओच्यातलं ओझं आठवलं, ओळीचं टोक आठवेना.

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की आठवत नाही."

तिनं मान हलवली. करवत आणायला ती खोपटाकडं निघाली. जाताना कमरेची कात्री आणि बाटली सोडून माझ्या हातात दिली. मी झाकण उघडून बघितलं, अर्धी भरलेली होती. मग मी शेजारच्या झाडापाशी गेले, कात्री बुडवली आणि वरपासून एकेक शेंडा बघायला लागले.